हाळी देणाऱ्या सोपानला

सोपाना,

परवा तुला पोचवून आलो आणि काल सकाळी नेहमीसारखं दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं अर्धा किलो शेंगदाण्याची चिक्की मागितली, मी काजूची बांधून दिली. ते मुकाट्यानं घेऊन गेलं. काजूची मिळाल्यावर तक्रार करायला कोण परत येतंय? तू असतास तर म्हणाला असतास, "शेट, असंच दुकान चालवा. वर्साच्या आत तुमाला आमच्या गँगवर लावून घेतो." हे वाक्य तुझ्या आवाजात नीट ऐकू आलं, आणि मग माझ्यानं गल्ल्यावर बसवेना. आत येऊन हे लिहायला घेतलं.

तुझ्या रेल्वेच्या गँगच्या लोकांनी फळ्यावर खडूनं तुझ्याबद्दल चार ओळी लिहिल्यात. कामाला वाघ, मनानं राजा, वगैरे. त्यात खोटं काहीच नाही. पण तू ड्रम वाजवायचास हे कुणी लिहिलेलं नाही. लोणावळ्यात एके काळी 'द टनेल्स' नावाचा तिघांचा रॉक बँड होता आणि त्याचा आवाज म्हणजे तू होतास, हे माहीत असलेली माणसं आता बोटांवर मोजावीत इतकीच उरलीत. गाणारा आणि बेस गिटार वाजवणारा आल्बर्ट ऑस्ट्रेलियात जाऊन बसलाय. राहिलो मी, लीड गिटारवाला दिगंबर चिक्कीवाला. आणि मला तुझ्याबद्दल चांगलं लिहायचंय असं नाही, सोपाना. मला एक कबूल करायचंय. अकरा वर्षं ते माझ्या घशात अडकलंय.

तू पहिल्यांदा आलास तो पोरीसाठी चिक्की घ्यायला. आल्बर्ट आणि मी मागच्या खोलीत भट्टीशेजारी बसून खटपट करत होतो. दोन गिटारी होत्या, गावभर मिरवायची हौस होती, आणि ठेका धरायला कुणी नव्हतं. तू दारात उभा राहून ऐकलंस. मग तुपाचा रिकामा डबा उलटा केलास, त्यावर बसायचं सोडून तो पुढ्यात घेतलास आणि दोन्ही पंजांनी वाजवू लागलास. तुझ्या गावी, परंदवडीत, तू लेझमीच्या खेळाला ढोल वाजवायचास, आणि रेल्वेत घाटातल्या गँगवर हाळी द्यायचास, हे नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की तू वाजवायला लागल्यावर माझी बोटं आपोआप मोकळी झाली. इतकं सोपं मला कधीच वाटलं नव्हतं. माझ्या वाजवण्याचं ते कौतुक आहे असं मी धरून चाललो. मूर्ख माणूस!

मग तळेगावच्या एका मोडलेल्या बँडपार्टीचा मोठा ड्रम आपण आणला. त्यावर लग्नातल्या बँडचं रंगीत नाव होतं, ते आल्बर्टनं ब्लेडनं खरवडलं तरी 'मंगल' एवढं राहिलंच. लोणावळ्याच्या ओल्या हवेत त्याचं कातडं ओल्या पोत्यासारखं मऊ पडायचं. तू ते उचलून चिक्कीच्या भट्टीजवळ लावायचास, बोटानं टिचकी मारून बघायचास, थोडं फिरवायचास, पुन्हा टिचकी. आमचे बापू वैतागायचे. म्हणायचे, "माझा पाक करपला तरी चालेल, पण ह्याचं कातडं करपता कामा नये, असं झालंय हितं." आपल्या बँडला म्हणून कायम गुळाचा वास यायचा. हॉटेलात रविवारी दुपारी नाचायला आलेल्या मुंबईच्या बायका विचारायच्या, हा गोड वास कसला? आल्बर्ट सांगायचा, सोपानचं सेंट आहे.

आपली खासियत काय होती, आठवतं? गाणं शांत सुरू व्हायचं, आणि शेवटाकडे येता येता असा वेग धरायचं, की नाचणारे धापा टाकत हसू लागायचे. आपण बनवलेली 'बोगदा' ही धून तर रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये दर खेपेला दोनदा व्हायची. म्हातारे गार्ड काठ्या बाजूला ठेवून नाचलेत त्यावर. एक जण म्हणाला होता, "तुमचं गाणं घाट उतरतं." आपण ते फार मिरवलं. जणू काही आपण ठरवून, विचार करून तशी शैली काढली होती. आणि तुझी ती शेजारच्या छोट्या साईड ड्रमवरची बारीक टर्रर्र! प्रत्येक वेळी वेग वाढायच्या आधी तू ती घ्यायचास. लोक म्हणायचे, ह्या ड्रमरची ही सही आहे.

तीन वर्षं अशी गेली. माझ्या आयुष्यात त्याहून बरं काही झालेलं नाही, हे बायकोनं वाचलं तरी हरकत नाही.

मग मुंबईहून एक गृहस्थ आले. तबकडी काढणाऱ्या कंपनीचे. रविवारी सकाळी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये पाय लांब करून बसले, तीन गाणी ऐकली, आणि म्हणाले, "गाणी चांगली आहेत. पण वेग पळतो. ड्रमर कच्चा आहे."

तुझ्याकडे आल्बर्टनं बघितलं, त्या गृहस्थांनी बघितलं. मी तर असं बघितलं, की जणू इतके दिवस मलाही हेच खटकत होतं. तू दोन्ही काठ्या मांडीवर ठेवल्यास. माझ्याकडे एकदाच पाहिलंस. रागानं नाही. मग त्यांना म्हणालास, "व्हय साहेब. माझंच चुकतंय."

तू असं का म्हणालास, सोपाना? आपलं भांडण तिथंच आहे. ते आता मिटायचं नाही.

आठवड्याभरानं मी तुला दुकानात गाठलं. तोंडासमोर खरं बोलायची माझी छाती नव्हती. म्हणालो, मुंबईला सारखं जावं लागेल, तुला गँगवरून रजा कुठली मिळणार, आम्ही तात्पुरता दुसरा माणूस बघतोय. तू म्हणालास, "बरं." मग म्हणालास, "ते कातडं सैल करून ठिवा शेट, तसंच ताणलेलं ठिवलं तर फाटंल." आणि पोरीसाठी चिक्की घेऊन गेलास. तुला चिडता आलं असतं. चार शिव्या दिल्या असत्यास तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो.

तुझ्या जागी पुण्याच्या कॅम्पातला रॉनी आला. मुलगा चांगला, हात तयार. त्याच्या ड्रमला कातड्याच्या जागी प्लॅस्टिकची पानं होती. त्यांना ना ऊन कळत होतं ना पाणी, भट्टीशी त्यांचं काही काम नव्हतं. पहिल्याच दिवशी आपलं 'बोगदा' वाजवायला घेतलं आणि मधेच सगळं एकमेकांवर आदळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. रॉनीचा ठोका जागचा हलेना. म्हणाला, "दिगू, मला ऐक. मला ऐकून वाजव." मला वाटलं, ह्याला आपली शैलीच कळलेली नाही.

तो जाताना एक लाकडी डबा मागच्या खोलीत ठेवून गेला. त्यात लंबक होता, टक टक टक करणारा. मेट्रोनोम. मंगळवारी बाजार बंद, बापू जेवून आडवे झालेले, मी दार लावून घेतलं आणि त्या टकटकीवर एकट्यानंच 'बोगदा' वाजवायला बसलो. आठ-दहा ठोके बरोबर गेले. मग लंबक मागे पडला. मला खरंच वाटलं की त्याची चावी संपली. चावी दिली, पुन्हा बसलो. पुन्हा तेच. सहाव्यांदा माझ्या लक्षात आलं, की लंबक मागे पडत नाहीये. मी पळतोय.

मीच पळत होतो. पहिल्या दिवसापासून. तू तीन वर्षं माझ्यामागे धावत होतास, आणि आपण बरोबरच आहोत असं मला वाटावं इतक्या बेमालूम. घाट गाणं उतरत नव्हतं, मी उतरत होतो, आणि तू मला पडू देत नव्हतास. आणि ह्याच धडपडीला सारं लोणावळं आपली शैली म्हणत होतं!

हे मी कुणाला सांगितलं? कुणालाही नाही. रॉनीच्या ठोक्याला स्वतःला दावणीला बांधून घेतलं आणि गुमान वाजवू लागलो. तबकडी निघाली, दोन बाजूंना दोन गाणी. वेग कुठंही पळत नाही. आल्बर्टनं ऐकली आणि म्हणाला, "साफ आहे. आंघोळ घालून, भांग पाडून फोटोला बसवल्यासारखं." ती कुणी घेतली नाही. माझ्याकडचा गठ्ठा अजून माळ्यावर आहे. रॉनीनंतर एक जण आला, तो इतक्या जोरात बडवायचा की त्याच्याखाली माझं काहीही झाकून जाई. मला तो फार आवडायचा, कारण उघड आहे. त्याच्यानंतरचा इतका संथ, की हॉटेलवाल्यानं विचारलं, कुणी वारलंय का? नाव तेच, आल्बर्ट तोच, मीही तोच. पण लोक येत, ऐकत, आणि निघताना विचारत, "तुमचं ते पूर्वीचं का नाही वाजवत?" एकाच नावाचे ते चार वेगळे बँड होते, आणि लोकांना आठवतो तो पहिला. बाकीचे तीन कुणालाच आठवत नाहीत.

एकदा मात्र मी खरोखर सांगायला निघालो होतो. बँड बंद पडला त्या वर्षी, हिवाळ्यात. खंडाळ्याच्या पुढे तुमची गँग रूळ सरळ करत होती. दहा-बारा जणांनी रुळाखाली पहारी घातल्या होत्या आणि तू बाजूला उभा राहून हाळी देत होतास. एक ओळ तू म्हणायचास नि शेवटच्या शब्दावर सगळ्यांनी एकदम जोर करायचा. मी दगडावर बसून बघत होतो. मला नवल वाटलं ते हे, की तू रुळाकडे बघतच नव्हतास. तुझी नजर टोकाला उभ्या असलेल्या एका किडकिडीत गड्यावर होती. तो धोंडिबा, नवीनच आलेला. तो जोर करायला कधी उतावीळ व्हायचा, कधी मागे राहायचा. आणि त्याचे खांदे जेव्हा आवळायचे, नेमका तेव्हाच तू शेवटचा शब्द टाकायचास. कधी ओळ लांबवून, कधी मधूनच तोडून. बाकीचे दहा जण तुझ्या शब्दावर चालले होते आणि तू धोंडिबाच्या खांद्यावर. रूळ तसूतसूनं सरकत होता.

भाकरी खायला बसलो तेव्हा मी विचारलं, "सोपाना, रुळाकडं न बघता हाळी कशी देतोस?"

"रूळ कुटं पळून जातोय?" तू म्हणालास. "ज्याचा हात चुकायचा त्याच्याकडं बघायचं. बाकीच्यांचं बराबर असतंय. एकाचा जोर आधी गेला की पहार उलटती, शेट. मानसाची बोटं जात्यात."

"मग त्याला सांगायचं ना, बाबा तुझं चुकतंय."

तू कांदा फोडलास, अर्धा मला दिलास. "न्हाई सांगायचं. सांगितलं की मानूस हाताकडं बघाया लागतो, मंग आनकीच चुकतो. आपन सांभाळून घ्यायचं. हळूहळू येतंय त्याला."

मी पळायचो हे तुला ठाऊक होतं, आणि मला आता ठाऊक झालंय हेही तुला कळलं असावं, कारण भाकरी संपल्यावर तूच विचारलंस, "आज इकडं कसं? काय काम व्हतं का?"

एवढं दार उघडून दिलंस. मी म्हणालो, "काही नाही, सहज आलो."

ह्या 'सहज'ची मला लाज वाटते. आणि रागही येतो, तुझा. होय, तुझाच. मी धोंडिबा नव्हतो. माझी बोटं काही तुटणार नव्हती. पहिल्याच वर्षी कानाला धरून सांगितलं असतंस, शेट तुम्ही पळता, तर चार दिवस मी फुगून बसलो असतो, मग शिकलो असतो. तू सांभाळून घेतलंस म्हणून मी कच्चा राहिलो आणि कच्चा म्हणून हाकलला गेलास तू. असलं कसलं देवमाणूसपण? गँगेत सांभाळलेला माणूस हळूहळू तयार होतो म्हणालास, मला तीन वर्षांत का नाही रे आलं? मनात हे भांडण मी तुझ्याशी कितीदा केलं असेल. प्रत्येक खेपेला तू शेवटी अर्धा कांदा पुढे करतोस आणि मी तो घेतो.

तू दुकानात येत राहिलास. पोरीचं लग्न झालं, मग नातवासाठी चिक्की. मागच्या खोलीत मात्र कधी पाऊल टाकलं नाहीस. एकदाच, भट्टीजवळून चिक्कीचा पाट आणायला मी आत गेलो तेव्हा दारातून डोकावलास. ड्रमवर गुळाच्या ढेपा रचल्या होत्या. हात लांब करून तू कडेला टिचकी मारलीस. "उतरलंय," एवढंच म्हणालास.

काल हे लिहायचं अर्धवट सोडून दुपारभर मी आल्बर्टच्या काकांनी भरलेली ती जुनी टेप ऐकली. इन्स्टिट्यूटच्या वार्षिक कार्यक्रमाची, तुझ्यासकट असलेली एवढी एकच. माझं पळणं आता मला स्वच्छ ऐकू येतं. आणि सोपाना, आणखी एक गोष्ट ऐकू आली. तुझी ती टर्रर्र. मी पळायच्या बरोबर आधी ती येते. दर वेळी. ती सजावट नव्हतीच. ती हाळी होती, आल्बर्टसाठी. शेट निघाले, चला. आल्बर्ट त्या इशाऱ्यावर वेग उचलायचा, तू उचलायचास आणि तिघे मिळून घाट उतरायचो. गाणं संपल्यावर टेपवर टाळ्या आहेत, हसणं आहे, आणि मधेच तुझा आवाज, "वा शेट!" मी टेप बंद केली आणि ढसाढसा रडलो. बायको चहा ठेवून गेली.

महिन्यापूर्वी तू अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर मी परंदवडीला आलो, तेव्हा वाटेत शब्दन् शब्द पाठ केला होता. हौसावहिनी उशाशी होत्या. मी त्या आत जाण्याची वाट बघत राहिलो, त्या काही जाईनात. मग धीर सुटला आणि उठलोच. तू माझं मनगट धरलंस, हातात बळ उरलं नव्हतं. "बसा की वाईच," म्हणालास. "तुमाला सदा घाई." आणि हसलास. मी तुझ्या डोळ्यांत बघितलं, काही निराळं दिसतंय का म्हणून. काही दिसलं नाही. बसलो, चहा प्यालो, ऊस कसा आहे विचारलं आणि गाडी गाठायला निघून आलो. कुठली गाडी? पुढची तासाभरानं होतीच.

परवा तुला उचललं तेव्हा घरच्यांनी पहिले खांदे दिले. विसाव्याला तिरडी खाली टेकवली, खांदेकरी बदलले, तेव्हा मी पुढे झालो. कुणी विचारलं नाही हा कोण. पुढची डावी बाजू माझी, माझ्या मागं धोंडिबा. आता तो किडकिडीत राहिलेला नाही. तू गेल्या वर्षी काम सोडलंस तेव्हापासून गँगची हाळी तोच देतो. ओढ्याकडची उतरती पायवाट होती. थोडं चाललो आणि तिरडी डचमळायला लागली. चौघांचे पाय जुळेनात. कुणी म्हणालं वाट वाईट, कुणी म्हणालं दगड फार. मीही म्हणालो, "उतार आहे ना."

तेव्हा धोंडिबा मागून हलक्या आवाजात म्हणाला, "शेट, दमानं. तुमी पुढं पळताय."

अकरा वर्षं मी ज्या वाक्याला भीत होतो ते असं आलं. तू माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होतास. तुझ्या वजनानं खांदा दुखत होता. मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "व्हय. माझंच चुकतंय. पहिल्यापासून मीच पळत होतो. सोपान नव्हता पळत."

बरोबरचे बघायला लागले. दुःखानं माणूस बरळतो असं वाटलं असणार. धोंडिबाला काय कळलं, काय नाही, देव जाणे. त्यानं खांद्यावरची काठी नीट घेतली आणि म्हणाला, "असू द्या शेट. चला तुमी. मी तुमच्या पायाकडं बघून चालतो."